एका दमात ४५ पुशअप्स निघतात, तरी छातीची ताकद वाढत नाही

प्रश्न: माझे वजन ७० किलो आहे. लहानपणी गावच्या तालमीत जोर-बैठका काढल्या होत्या. आता शहरात भाड्याच्या खोलीत राहत असल्यामुळे केवळ पुशअप्स काढतो. एका दमात ४५ निघतात, पण गेल्या चार महिन्यांत ताकदीत फरक जाणवलेला नाही. एका हातावरचे पुशअप्स सुरू करावेत, की पुन्हा जोर काढावेत?

प्रतिसाद १: ४५ निघत असतील, तर तो व्यायाम आता दमसासाचा झाला आहे, ताकदीसाठी जेमतेम ५ ते १० वेळा पेलेल इतका भार हवा. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण ४५ किलो. पाय ६० सेंटिमीटर उंचावर ठेवल्यास तो ७४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५२ किलोपर्यंत जातो. मात्र तसे करताना खांदे आणि छातीचा वरचा भाग यांवर अधिक ताण येतो. माझ्या मते तुम्ही आर्चर पुशअपपासून सुरुवात करावी. त्यात हात बरेच रुंद ठेवून एकाच कोपरात वाकत त्या बाजूला खाली जायचे असते आणि दुसरा हात सरळ राहतो, त्यामुळे त्याचा आधार किती घ्यायचा हे आपल्याला ठरवता येते. प्रत्येक बाजूने ५, असे ३ सेट एक दिवसाआड पुरेत.

प्रतिसाद २: जोर उत्तमच, परंतु त्यात छाती जमिनीलगत कमानीसारखी पुढे सरकत असल्याने खांदे, दंड आणि पाठ यांत काम वाटले जाते. एका हातावरच्या पुशअपमध्ये धड वळू न देण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते, म्हणून त्याची घाई नको. दोन्ही हात विटांवर ठेवून छाती हातांच्या पातळीखाली न्यावी आणि तेथे दोन सेकंद थांबावे. स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतो, हा त्याचा खरा लाभ आहे.

प्रश्नकर्ता: विटांवरचा प्रकार आठवडाभर केला. छातीला ताण जाणवतो, पण उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते.

प्रतिसाद ३: कोपरे खांद्यांच्या रेषेत बाहेर फाकत असतील, तर असे होऊ शकते. ती धडापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा आणि दुखणे थांबेपर्यंत विटा बाजूला ठेवून जमिनीवरच, खाली जायला चार सेकंद घेत, सावकाश पुशअप्स काढा. विश्रांतीच्या दिवशीही दुखत राहिले, तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.