हळदी रंगाचा सदरा आणि हिशेबाचे काम

प्रश्न
माझे वय ४६ असून हिशेब तपासण्याच्या कामात माझी वीस वर्षे गेली आहेत. ठसठशीत रंगांचे कपडे मला मनापासून आवडतात. गेल्या आठवड्यात मी हळदी रंगाचा सदरा घालून बैठकीला गेलो. त्याच्या कॉलरवरचे हिरवे टाके मी स्वतः चार संध्याकाळी बसून घातले होते. अहवाल माझा होता, तरी वरिष्ठांची नजर त्या कॉलरवर थबकली आणि आकड्यांविषयीचे सगळे प्रश्न त्यांनी माझ्या शेजारच्या, राखाडी शर्टातल्या तरुण सहकाऱ्याला विचारले. ‘वयाला शोभेल असे काही घालत जा,’ असेही नंतर एकाने सुचवले. मी माझ्या आवडीला मुरड घालावी का?

उत्तर १
हा आपल्या मनाचा खेळ नसावा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेच चेहरे वेगवेगळ्या कपड्यांत दाखवले, तेव्हा जरा उंची वाटणाऱ्या कपड्यांतली माणसे लोकांना अधिक कर्तबगार वाटली. चित्र अवघे १२९ मिलिसेकंद दिसले तरी, आणि कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे बजावले तरीही. तिथे प्रश्न रंगाचा नव्हता, पण पाहणाऱ्याचा ग्रह त्याच्याही नकळत होतो हे त्यातून कळते. म्हणून सदरा बदलण्याऐवजी बैठकीची सुरुवात आपणच अहवाल मांडून करावी, म्हणजे पहिला ग्रह पक्का होण्याआधीच आपला आवाज ऐकू येईल.

उत्तर २
मला थोडी वेगळी बाजू दिसते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांसमोर पाठवले होते. निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला. वरिष्ठांनी पाहिले हे खरे, पण बाकीच्या सगळ्यांचे डोळे त्या कॉलरवर खिळले होते असे आपण धरून चालू नये.

उत्तर ३
वरच्या दोन्ही उत्तरांत सगळा भार कपडे घालणाऱ्यावरच पडतो, हे मला खटकते. मी अनेक वर्षे मुलाखती घेतल्या आहेत. एकदा चुरगळलेल्या शर्टातल्या, बाहीवर शाईचा डाग असलेल्या उमेदवाराला मी दोनच प्रश्न विचारून मोकळे केले आणि संध्याकाळी त्याची लेखी उत्तरे वाचली, तर ती सर्वांत नेमकी होती. त्याची मी पुन्हा मुलाखत घेतली, पण पहिली चूक माझ्या मनातून गेली नाही. तेव्हापासून उमेदवाराला भेटण्याआधी मी त्याची उत्तरे वाचून गुण देऊन ठेवतो. आपल्या वरिष्ठांनीही अहवाल आधी वाचून यावा, अशी मागणी करणे मुळीच गैर नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीच्या दोन दिवस आधी अहवाल माझ्या नावाने सर्वांना पाठवीन आणि तो मांडायला मीच उभा राहीन. सदरा तोच असेल. त्याच्या बाहीवरचे टाके अजून अर्धे राहिले आहेत, तेही तोवर पुरे होतील.