‘एपिक फँटसी’ला मराठीत काय म्हणावं?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही चित्रपटांवर लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडले. ‘एपिक फँटसी’साठी कोणता शब्द वापरू? ‘कल्पनारम्य’ रुळलेला आहे, पण तो लिहिला की चित्रपटातलं वजनच जातं. शत्रूच्या मॉर्डोर देशातली राख, शत्रूची अंगठी नष्ट करायला निघालेला आणि तिच्या ओझ्याने दिवसेंदिवस खंगत जाणारा नायक फ्रोडो, यात रम्य काय आहे? शिवाय ‘कल्पना’ म्हटलं की ‘हे खरं नव्हे’ असं आधीच सांगून झालं. मला तर तीन तास ते खरंच वाटत होतं. सुचवा काहीतरी.

* * *

‘जादूपट’ कसा वाटतो? त्यातला गँडाल्फ जादूगारच आहे. नाहीतर ‘चमत्कारपट’.

* * *

‘जादूपट’ नको. तिसऱ्या भागातला, इशाऱ्याच्या आगी पेटवण्याचा प्रसंग आठवा. फ्रोडोचा सोबती पिपिन लपतछपत वर चढतो, रचलेल्या लाकडांवर तेल सांडतो, दिवा टाकतो. मग दूरच्या शिखरावर ज्वाळा दिसते, तिच्यापलीकडे आणखी एक, आणि बर्फाळ डोंगररांगांवरून माथ्यामागून माथा पेटत मदतीचा निरोप थेट शेजारच्या रोहन राज्यापर्यंत पोचतो. या प्रसंगात जादू औषधालाही नाही. लाकूड, तेल, आणि कुठल्याशा अनोळखी शिखरावर थंडीवाऱ्यात जागा राहिलेला पहारेकरी. तरी अंगावर काटा येतो. टोल्कीनच्या मूळ कादंबरीत गँडाल्फ आणि पिपिन घोड्यावरून जाताना त्या आगी आधीच पेटलेल्या पाहतात, काही ओळींत तो भाग संपतो. चित्रपटाने त्या ओळींचा हा एवढा सोहळा केला, आणि मला तो कादंबरीहून सरस वाटतो.

‘चमत्कार’ संस्कृत काव्यशास्त्रात मोठा शब्द होता, पण आपल्याकडे आता ‘चमत्कारिक माणूस’ म्हणजे तऱ्हेवाईक माणूस. त्याच्यावर एवढा भार टाकता येणार नाही.

माझं मत ‘अद्भुत’ला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘कस्तद्वेद यदद्भुतम्’ असं येतं, आणि वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या निरुक्त या ग्रंथात यास्क ‘अद्भुत’चा अर्थ ‘अभूतमिव’ असा लावतो. जणू झालंच नाही असं. हा अर्थ कळल्यावर मी हे चित्रपट पुन्हा पाहिले, तेव्हा त्यांची ओढ कशात आहे ते मला उमगलं. जे कधी झालंच नाही ते इथे होऊन गेल्यासारखं दिसतं. मोडके पुतळे, ओस पडलेल्या राजधान्या, अर्धवट आठवणारी गाणी. कथा सुरू होण्याआधीच त्या जगाचा इतिहास होऊन गेलेला असतो. ‘कल्पनारम्य’मध्ये यातलं काहीच येत नाही.

नाट्यशास्त्रकार भरताने अद्भुत रसाचे दोन प्रकार सांगितले आहेत, दिव्य आणि आनंदज. दिव्य दर्शनाने होतो तो दिव्य, हर्षातून उपजतो तो आनंदज. जादूगाराच्या काठीतून उजेड पडतो तेव्हा पहिला म्हणा. डोंगरावरची आग पाहून गादीचा वारस अ‍ॅरागॉर्न धावत सुटतो तेव्हा जे वाटतं, तो मी बेलाशक दुसऱ्यात धरेन. अद्भुताचा स्थायीभाव, म्हणजे या रसाच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय, आणि ‘विस्मय’ ज्या ‘स्मि’ धातूपासून आला त्याच धातूपासून ‘स्मित’ आलं. पडद्याकडे पाहताना आपण तोंडभर हसत होतो हे नंतर लक्षात येतं, ते यामुळेच असावं.

* * *

पण मग टोल्कीन म्हणतो त्या ‘सेकंडरी वर्ल्ड’चं, म्हणजे लेखकाने घडवलेल्या जगाचं काय? ‘दुय्यम विश्व’ फार कोरडं वाटतं.

* * *

तो शब्द आपल्याकडे आयता आहे: प्रतिसृष्टी. विश्वामित्राने केली तीच. परीकथांवरच्या निबंधात टोल्कीन म्हणतो की ‘हिरवा सूर्य’ असं कोणीही म्हणू शकतं, पण तो सूर्य जिथे खरा वाटेल असं जग उभारायला कष्ट लागतात आणि विचार लागतो. चित्रपटातही तो कष्ट दिसतो. हॉबिटांच्या, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीच्या, गावची झाडंफुलं चित्रीकरणाच्या वर्षभर आधी लावली होती, म्हणजे ती तिथली वाटावीत. सैनिकांच्या चिलखतांसाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांचे काप करून एकेक कडी हाताने ओवली होती. रोहनचा राजा थिओडेन याच्या चिलखताला तर आतल्या बाजूनेही नक्षी होती, जी कॅमेऱ्याला कधीच दिसणार नव्हती. ती फक्त नटाच्या अंगाला ठाऊक. याला ‘कल्पनेची भरारी’ म्हणवत नाही, ही कारागिरी आहे.

* * *

आणि ‘एपिक’? ‘महाकाव्यात्म’?

* * *

ग्रीक मूळ शब्द ‘एपोस’ म्हणजे बोल, वाणी. आपल्या ‘महाकाव्या’ला सर्ग, नायक, ऋतुवर्णनं असे ठरलेले संकेत आहेत. गद्य कादंबरीवरच्या चित्रपटाला तो शब्द ओढूनताणून लावू नये. चित्रपटाबाबत ‘एपिक’ म्हणताना आपल्याला आवाका सांगायचा असतो, त्याला ‘महापट’ पुरेसा आहे. ‘अद्भुत महापट’ म्हणा.

आणि ‘कादंबरी’ या शब्दाकडेही जरा पाहा. सातव्या शतकातल्या बाणाच्या कथेचं नाव आपण साऱ्या प्रकाराला दिलं. त्या कथेत पोपट गोष्ट सांगतो, नायिका गंधर्वकन्या आहे आणि नायक म्हणजे जन्म घेतलेला चंद्र. म्हणजे आपल्या भाषेत कादंबरीचं नावच अद्भुतातून आलेलं आहे, आणि तरी अद्भुत लिहिलं की ते पोरांसाठीचं समजलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

* * *

‘अद्भुत महापट’ घेतला, ‘प्रतिसृष्टी’ही. आता शेवटच्या परिच्छेदात अडले आहे. सगळी आशा संपली असताना अचानक जे भलं होतं, त्याला टोल्कीनने ‘युकॅटॅस्ट्रफी’ असा शब्द घडवला. ‘सुखान्त’ लिहवत नाही, कारण फ्रोडोची जखम शेवटपर्यंत भरत नाही आणि तो जहाजात बसून निघून जातो. सध्या ‘मंगल कलाटणी’ लिहून ठेवलं आहे. ‘कलाटणी’त धक्का येतो, पण डोळ्यांत येणारं पाणी येत नाही.