सीमा ओलांडून गेलेल्या त्या तीस जणी

कुणीतरी विचारलंय, ‘तीस बायका उत्तर आणि दक्षिण कोरियामधली सीमा ओलांडून गेल्या, त्याने काय झालं?’

24 मे 2015ला कोरियन-अमेरिकन शांतता कार्यकर्त्या क्रिस्टीन आन यांच्या पुढाकाराने 15 देशांतल्या त्या 30 जणी उत्तर कोरियातून दक्षिणेत आल्या. अमेरिकी स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनेम होत्या, उत्तर आयर्लंडच्या मेरीड मॅग्वायर आणि लायबेरियाच्या लेमा बोवी या शांततेच्या नोबेल मानकरीही होत्या. सीमेवरच्या पानमुन्जोम गावातून पायी जायला परवानगी मिळाली नाही, म्हणून सीमापट्टा बसने पार करावा लागला. उत्तरेच्या राजवटीला फुकटचा प्रचार मिळाला, ही टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण बोलायचंच नाही, तर सीमेच्या दोन बाजूंना ताटातूट झालेल्या घरांनी करायचं काय? भावंडांना भेटायची वाट बघत कितीतरी म्हातारी माणसं गेली.

मुळात कोरियन युद्धात 27 जुलै 1953ला झाली ती फक्त युद्धबंदी. शांतता करार आजही नाही. या बायका नेमकं तेच मागतात. त्यासाठी 2019पासून ‘कोरिया पीस नाऊ’ ही मोहीम चालू आहे. अमेरिकेत साध्या मतदार बाया आपापल्या खासदारांना गाठतात, पुन्हापुन्हा. 2021मध्ये युद्धसमाप्तीचं विधेयक तिथल्या प्रतिनिधिगृहात आलं, त्यामागे ही चिकाटी होती.

आणि हे आपल्याला परकं नाही. युद्धबंदीनंतर कोरियातल्या, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा ज्या भारतीय दलाकडे होता, त्याचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे जनरल थोरात होते.