मदत हवी आहे: ध्रुवीय हिवाळ्यातले जिवंत फोरॅम (फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच असलेले एकपेशी जीव) कसे ओळखायचे?

स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवरच्या कोंग्सफ्योर्ड खाडीतल्या गाळातले सूक्ष्मजीव ऋतूनुसार मोजायचे आहेत. वरचा 0–2 सेमी थर, 4% फॉर्मालिन, रोझ बेंगाल (जीवद्रव गुलाबी करणारा रंग), 32 मायक्रॉनची चाळणी. सूत्रकृमी आणि कोपेपॉड (बारीक कवचधारी प्राणी) 1.18 घनतेच्या लुडॉक्सवर (सिलिकाचे कण असलेला द्रव) छान तरंगतात (गाळ आधी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने लुडॉक्सची जेली होते). अडचण फोरॅमिनिफेरांची. थंडीत मेलेल्यांचा जीवद्रव लवकर कुजत नाही, कवचाआड गुलाबी रंग धरतो आणि हिवाळ्यातले आकडे फुगतात. मग वसंतात शैवालबहरानंतर झालेली वाढ खरी किती, ते कसं ठरवायचं? सेलट्रॅकर ग्रीन (फक्त जिवंत पेशींत चमकणारा रंग) फॉर्मालिनआधी, जिवंत नमुन्यालाच द्यावं लागतं. 0–2 अंशांना ते किती तास ठेवता? शिवाय हिमनदीच्या गाळाने चाळणी तुंबते. 63 ची घेतली तर कोपेपॉडच्या नॉप्लियस अळ्या किती निसटतात?