मदत हवी आहे: पणजोबांच्या आरामशीनवरच्या कामगारांची नावं कुठे मिळतील?

मुळांच्या_शोधात: नमस्कार मंडळी, पणजोबांची आरामशीन (लाकूड कापायची गिरणी) होती, आता जागेवर काहीच नाही. घरात एक फोटो आहे, पणजोबा ओंडक्यावर बसलेत आणि मागे कामगार उभे, एकाच्या हातात कानस. आजी सांगते की तो मिस्त्री दुपारी पातं उतरवून एकेक दात घासायचा आणि तेव्हा कोणी जवळ गेलं की ओरडायचा, मालकावरसुद्धा. पण नाव तिलाही माहीत नाही, सगळे मिस्त्रीच म्हणायचे. घराण्याची पुस्तिका छापतोय, त्यात फक्त मालकाचं नाव येणं मला पटत नाही. आजी थकलीय, घाई आहे, प्लीज लवकर सांगा.

सागवान: गाव कुठलं, साल कुठलं? त्याशिवाय काय सांगणार?

वखारवाला: मुंबईच्या पुराभिलेखागारात जा, जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. सगळं तिथेच असतं.

मुळांच्या_शोधात: सॉरी, बल्लारशा. 1935-40 च्या सुमारास सुरू झाली, 62-63 ला बंद. माल आलापल्लीच्या जंगलातला.

मी_नागपुरी: मग मुंबईत काय मिळणार? बल्लारशा म्हणजे चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा, तो 1956 पर्यंत मध्य प्रांतात, नंतरच्या मध्य प्रदेशात होता ना, राजधानी नागपूर. नागपूरच्या पुराभिलेखागारात विचारा.

वखारवाला: अहो पण हमालांची नावं सरकार कशाला लिहून ठेवेल? आमच्या वखारीत हजेरी आणि उचल (आगाऊ घेतलेले पैसे) मालकाच्याच वहीत असायची, कोणी किती उचल घेतली ते नावानिशी. आधी घरातल्या जुन्या पेट्या उघडा.

सागवान: आलापल्लीच्या सागाला तोड नाही! अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारशाहूनच साग गेला.

मी_नागपुरी: ते ठीक आहे पण विषय कामगारांचा चाललाय. वखारवाले, 1948 च्या फॅक्टरी कायद्याने मशीनवर 10 माणसं असली की कामगारांचं रजिस्टर ठेवावंच लागायचं. किती माणसं होती?

मुळांच्या_शोधात: फोटोत बाराएक दिसतात. वह्या काकांकडे आहेत म्हणे, मोडी लिपीत, म्हणून कोणी उघडल्याच नाहीत.

वखारवाला: बघा! हे आधी सांगायचं ना. मोडी वाचणारे नागपुरात मिळतील.

रानवाटा: आरामशीन परत टाकायची असेल तर लायसन्स अवघड आहे, 2002 ला सुप्रीम कोर्टाने केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवीन आरागिरण्या उघडायला मनाई केली होती.

मुळांच्या_शोधात: नाही हो, मशीन टाकायची नाही, फक्त नावं हवीत.

बल्लारशाची_लेक: माझे आजोबा आरामशीन सोडून पेपर मिलमध्ये लागले होते, त्यांच्याबरोबरचे बरेच जण तिकडेच गेले. मिलमधून रिटायर झालेल्या जुन्या लोकांना फोटो दाखवा, चेहरे ओळखणारं कोणी ना कोणी भेटेल. आणि फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का तेही बघा, त्यावरून साल कळतं. जमलं तर फोटो इथेच टाका, मी आईला दाखवते.