आठवीतली कट्टी आणि डब्यातून परत आलेली शेपू

नीलमोहर (धागाकर्ती):

जूनपासून मंगळवारचा डबा भरलेला परत येतोय. शेपू. आमच्यात शेपू होते ती सासूबाईंपुरती. लेकीला तर तिचा वासही सोसत नाही. तरी तिसरीपासून दर मंगळवारी ती हट्टाने डब्यात शेपू नेते, कारण तिच्या मैत्रिणीला शेपू जीव की प्राण आणि मैत्रिणीच्या डब्यात त्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्या. पाच वर्षांचा सौदा.

डबा परत येतोय म्हणजे सौदा मोडला, एवढं कळलं. विचारलं तर "काही नाही गं" एवढंच. मग गणिताची वही हातात आली. शेवटच्या पानावर दोन नावं, अक्षरं खोडलेली, फ्लेम्स, म्हणजे नावांतली सारखी अक्षरं खोडून जोडीचं काय होणार ते काढायचा खेळ. उत्तर 'मॅरेज', भोवती तीनदा गोल. गंमत म्हणजे अक्षर लेकीचं नव्हतं, मैत्रिणीचं होतं. म्हणजे एका बाकावर बसून दोघींनी हा उद्योग केलेला.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. लेकीला वर्गातला एक मुलगा आवडतो. खो-खो खेळतो, बाकी विशेष काही नाही. हे तिने जगात एकीलाच सांगितलं. त्या एकीने ते व्हॅनमध्ये फोडलं. आता व्हॅन सुटली की त्या मुलाच्या नावाने ओरडा. मैत्रीण मागच्या सीटवर नव्या तिघींबरोबर बसते. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चौघींच्या मनगटावर एकसारखे बँड, आणि तो फोटो मैत्रिणीच्या आईच्या स्टेटसला. लेकीने तो माझ्याच फोनवर पाहिला. काही बोलली नाही, पाणी प्यायला उठून गेली.

नवऱ्याचं म्हणणं, तुकडी बदलून घेऊ. 'ब'मधून 'क'मध्ये. अर्ज दिला तर मुख्याध्यापिका नाही म्हणणार नाहीत. माझा विरोध आहे. घरात सगळे विचारतायत "मुलगा कोण?" आजीने आडनावही विचारून घेतलं. पण पोरगी मुलासाठी रडत नाहीये हो. ती रडतेय मैत्रिणीसाठी. मुलगा दोन महिन्यांत डोक्यातून जाईल. पाच वर्षांची मैत्रीण अशी जात नाही, आणि तुकडी बदलली तर ती परत यायची उरलीसुरली वाटही आपणच बुजवतो.

माझं चुकतंय का?

घाटावरचा:

स्पष्ट सांगतो, चुकतंय. तुकडी बदला, उद्याच बदला.

आपण मोठी माणसं काय करतो? साहेबाशी पटेना झालं की बदली मागतो, सोसायटीत भांडण झालं की लिफ्टची वेळ बदलतो. पोरीने मात्र रोज सहा तास त्याच चौघींच्या समोर बसायचं, का तर तिला 'तोंड देता आलं पाहिजे'. हा शहाणपणा आपण स्वतःला कधी लावत नाही.

दुसरं म्हणजे आठवी आहे. डिसेंबरात एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. माझा थोरला त्यात बसला, नववी ते बारावी महिना 1000 रुपये मिळतात. पैसा थोडा असेल, पण तेवढ्यासाठी पोरगं वर्षभर अभ्यासाला बसलं हे मोठं. ज्या वर्गात बसवत नाही त्या वर्गात कसला अभ्यास होणार?

कोरा फळा:

मी मास्तर. माध्यमिकला 22 वर्षं झाली, त्यातली बरीच आठवी-नववीच्या वर्गशिक्षकपणात गेली. तुकडी बदलायचे असे अर्ज दर वर्षी दोन-तीन येतात. पूर्वी मी सरळ शिफारस करायचो. आता करत नाही.

कारण सांगतो. भिंत 'ब' आणि 'क'च्या मध्ये असते, पाण्याच्या टाकीपाशी नसते. मधली सुट्टी एक, मैदान एक, शिकवणीही बहुतेक एकच. उलट नव्या वर्गात पोरगी पोचायच्या आधी तिची गोष्ट पोचते. "हीच ती, त्याच्यामुळे आलेली." जी गोष्ट चाळीस पोरांना माहीत होती ती ऐंशींना होते.

पण धागाकर्तीशीही माझं सगळं जुळत नाही. "मुलगा दोन महिन्यांत डोक्यातून जाईल" हे तुम्ही इथे लिहिलंत तोवर ठीक. तिच्यासमोर म्हणू नका. या वयात आवडणं लहान नसतं, पहिलं असतं. मुलींचं वयात येणं मुलांपेक्षा साधारण वर्ष-दोन वर्षं आधी सुरू होतं. सातवी-आठवीचा वर्गफोटो काढून बघा, मागच्या रांगेत उंच मुली आणि पुढे मांडी घालून बसलेली बारकी पोरं. तिच्या मनात जे चाललंय त्याचा त्या खो-खोवाल्याला पत्ताही नसेल. आणि मैत्रिणीमैत्रिणींतही सगळ्या एकदम मोठ्या होत नाहीत. एक पुढे जाते, एक अजून लपाछपीत असते. बऱ्याच कट्ट्या त्यातून होतात, मुलगा निमित्ताला.

जाता जाता. शाळेत यावर बोलायला जागा असावी म्हणून लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम आला होता, 2007 साली राज्यात त्यावर गदारोळ होऊन तो थांबवला गेला. मी तेव्हा नवा होतो. पुस्तिका कपाटात गेल्या. पोरं काही थांबली नाहीत.

घाटावरचा:

सर, तुमचा अनुभव मोठा, मान्य. पण तुम्ही ज्यांचे अर्ज आले तेवढेच पाहिलेत. ज्या पोरी अर्ज न करता वर्षभर गप्प बसल्या आणि ज्यांचे मार्क 80 वरून 55 वर आले, त्यांच्या पालकांना विचारा. टाकीपाशी पाच मिनिटं चिडवतील, वर्गात सहा तास चिडवतात. पाच मिनिटं आणि सहा तास यात फरक नाही का?

कोरा फळा:

आहे. पण वर्गात मी असतो. टाकीपाशी कोणी नसतं.

आजोळ:

असले चोचले आमच्या वेळी नव्हते. चार दिवस कट्टी, पाचव्या दिवशी बट्टी. आईला पत्ताही नसायचा. तुम्ही लोक डबा परत आला की तपास करता, वही उघडता, आणि मग इथे चर्चा. पोरांना जरा मोकळं सोडा, आपोआप मिटतं.

मधली सुट्टी:

@आजोळ, आपोआप मिटतं म्हणता, म्हणून लिहितेय. मी ती दुसरी मैत्रीण आहे. फोडणारी.

1991, सांगली जिल्ह्यातलं गाव, आठवी. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने मला एका मुलाबद्दल सांगितलं आणि मी ते दोन दिवसांत चार जणींना सांगितलं. का सांगितलं? इतकी वर्षं विचार करतेय. मला त्या मुलाशी काही देणंघेणं नव्हतं. मला राग आला होता. तोवर आमच्या दोघींमध्ये तिसरं कुणी नव्हतं, आणि आता ती माझ्याशी बोलताना खिडकीतून मैदानाकडे बघायची. तिला परत माझ्याकडे वळवायला मला दुसरं काही सुचलं नाही. आणि त्या चार जणींनी मला पहिल्यांदा आपल्यात बसवून घेतलं, तेही खरं. गुपित हे माझ्याकडचं पहिलं नाणं होतं, ते मी खर्च केलं.

बोभाटा बाईंपर्यंत गेला. बाईंनी उपाय काढला. राखीपौर्णिमा जवळच होती, वर्गातल्या सगळ्या मुलींनी सगळ्या मुलांना राख्या बांधायच्या. हिला मुद्दाम त्याच्यापुढे उभी केली. तिचा हात इतका थरथरत होता की गाठ बसेना, आणि मागे आम्ही हसत होतो. मीही हसले.

पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली. मिटलं नाही ते. संपलं.

नीलमोहर, तुमच्या लेकीच्या मैत्रिणीला खलनायिका करू नका एवढंच. तिच्या आईशी तुमचं बोलणं असेल तर स्टेटसचा विषय काढू नका, शेपूचा काढा.

पेणकर:

सगळे मुलीबद्दल बोलताय. त्या मुलाचं काय?

माझा मुलगा गेल्या वर्षी नववीत असताना अशाच प्रकरणातला 'तो' होता. याने काही केलं नव्हतं, कुणीतरी याचं नाव घेतलं एवढंच. वर्गभर "भाऊ, वहिनी आली." पहिले चार दिवस भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू. मग घाबरला. एक दिवस त्या मुलीचा चुलतभाऊ शाळेबाहेर उभा राहिला, नुसता उभा राहिला, बोलला काही नाही. त्यानंतर याने कबड्डीचा सराव सोडला, मागच्या गेटने घरी यायला लागला. आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. मुलगे सांगतच नाहीत. डबा चाटूनपुसून रिकामा येतो त्यांचा, त्यावरून काही ओळखू येत नाही.

आणि आजींनी आडनाव विचारलं, त्याबद्दल. ते आडनाव घराबाहेर जाणार नाही एवढं बघा. कुठल्या मुलाला ते किती महागात पडू शकतं हे आपल्या राज्यात वेगळं सांगायला नको.

नीलमोहर (धागाकर्ती):

@पेणकर, खरंय. त्याचा विचार केला नव्हता. आजींशी बोलले. त्यांना माझा राग आलाय, पण कळलंय.

खिडकी:

मला वेगळाच प्रश्न पडलाय. वहीचं शेवटचं पान तुम्ही वाचलंत हे लेकीला सांगितलंत का?

नसेल, तर तिच्या बाजूने बघा. तिची गोष्ट आधी मैत्रिणीने फोडली, मग आईने गुपचूप वाचली, आणि आता आम्ही सगळे वाचतोय. मैत्रिणीने व्हॅनमध्ये केलं आणि तुम्ही इथे केलंत, यात नेमका फरक काय? नाव नाही लिहिलंत, मान्य. पण शेपू, मंगळवार, खो-खो, बँड. तिच्या शाळेतली एखादी आई इथे असेल तर ओळखायला दोन मिनिटं लागणार नाहीत.

उपदेश पुरे. कामाचं सांगते. घरच्यांशी बोलायचं नसेल तर सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठीच, समुपदेशक असतात, पैसे पडत नाहीत. फार कमी लोकांना माहीत आहे. माझ्या भाचीला उपयोग झाला. ती पहिल्यांदा पाळीच्या दुखण्यासाठी म्हणून गेली होती, बाहेर आली ती तासाभराने, डोळे पुसत.

घाटावरचा:

वा. आता एका कट्टीसाठी पोरीला दवाखान्यात न्यायचं, पण तुकडी बदलायची नाही.

खिडकी:

दवाखाना म्हणजे आजारी असंच का वाटतं तुम्हाला? आणि मी "न्या" म्हटलं नाही. पर्याय आहे म्हटलं. तुमच्याप्रमाणे मीही बदलाच्या बाजूची आहे, फक्त कुठला बदल ते तिला विचारून.

आजोळ:

राखीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या शाळेतही बांधायला लावायचे. मी बांधून घेणाऱ्यांतला. आम्हाला तेव्हा गंमतच वाटली होती. समोरची काय वाटून घेत असेल हा विचार आज केला, वयाच्या 63व्या वर्षी. चोचले हा शब्द मागे घेतो. डबा तपासू नका हे मात्र कायम.

नीलमोहर (धागाकर्ती):

चार दिवस लिहिलं नाही. @खिडकी, तुमचा प्रतिसाद झोंबला. पण रात्री भांडी आवरताना लेकीला सांगून टाकलं, वही बघितली म्हणून. इथलं काही तपशील बदलता येतात का तेही बघितलं, संपादनाची मुदत गेलेली. तेही सांगितलं. ती चिडली. दार आपटलं, दोन दिवस माझ्याशीही कट्टी. तिसऱ्या दिवशी स्वतःच ओट्यापाशी येऊन उभी राहिली, "बाबा खरंच तुकडी बदलणारेत का?"

मी म्हटलं, तू सांग.

तर म्हणाली, "तुकडी नको. व्हॅन बदल."

वर्गात म्हणे कुणी काही करत नाही. सर असतात, शिवाय ती पुढच्या बाकावर सरकलीये, तिथे एक नवी मुलगी आहे, कोरेगावहून आलेली. त्रास आहे तो व्हॅनचा. सकाळी 25 मिनिटं, संध्याकाळी 25 मिनिटं. दहा जणांच्या जागेत चौदा पोरं, उतरता येत नाही, आणि काका गाणी मोठ्याने लावतात म्हणून त्यांना काही ऐकू जात नाही. आम्ही नवरा-बायको तुकडीवरून महिनाभर भांडलो. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

@घाटावरचा, म्हणजे अर्धे तुम्ही बरोबर. सहा तास नव्हते, पन्नास मिनिटं होती. पण तिथून उठून जाता येत नव्हतं.

मैत्रिणीबद्दल विचारलं. "ती माझ्याकडे बघते. मी बघितलं की दुसरीकडे बघते." यापुढे काही बोलली नाही, मीही ताणलं नाही. मुलाबद्दल विचारलं तर म्हणाली, "ई, त्याच्या अंगाला घामाचा वास येतो." हे कधी कळलं, कसं कळलं, देव जाणे.

दुसऱ्या व्हॅनवाल्याकडे दिवाळीपर्यंत जागा नाही. तोवर सायकल. साताऱ्यात कुठेही जायचं तर चढ आलाच, पण ती म्हणते चालवेन. नवऱ्याने माळ्यावरून भावाची जुनी सायकल काढलीये, आता चेनला तेल घालतोय.

घाटावरचा:

चढाचं सोडा, येतानाच्या उताराचं बघा. जुनी सायकल आहे, ब्रेकचे रबर आधी बदला. 

मधली सुट्टी:

मंगळवारी डब्यात काय दिलंत?

नीलमोहर (धागाकर्ती):

विचारलं तिला. म्हणाली, "शेपूच दे." खाणार कोण म्हटलं तर खांदे उडवले. दिली. अजून शाळा सुटायचीये.