वृद्ध वडिलांचा मेसोथेलिओमा: कोणते उपचार झेपतील?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): ७६ वर्षांच्या माझ्या वडिलांनी तरुणपणी ॲस्बेस्टॉस पत्र्यांच्या कारखान्यात काम केले होते. आता फुफ्फुसाभोवती वारंवार पाणी भरते आणि तपासणीत मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) निघाला आहे. या वयात केमोथेरपी झेपेल काय?

उत्तर १: वयापेक्षा ते स्वतःची कामे कितपत करतात आणि मूत्रपिंडे कशी आहेत, हे डॉक्टर आधी पाहतात. प्रकृती बरी असल्यास पेमेट्रेक्सेड या केमोथेरपीच्या औषधासोबत, ज्येष्ठांना सिस्प्लॅटिनपेक्षा अधिक सोसणारे कार्बोप्लॅटिन देतात. त्यापूर्वीच फॉलिक ॲसिड व बी-१२ ही जीवनसत्त्वे सुरू करावे लागते. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार, हीसुद्धा आहे, पण ती फार महाग पडते. मोठ्या शस्त्रक्रियेचा आग्रह मी तरी धरणार नाही.

उत्तर २: दर वेळी पाणी काढण्यासाठी नागपूर गाठण्याऐवजी टाल्क पावडर वापरून प्लुरोडेसिस (पाणी पुन्हा साठू नये म्हणून फुफ्फुसाभोवतीची आवरणे एकमेकांना चिकटवणे) करता येते, किंवा छातीत बारीक नळी बसवून घेतल्यास, घरच्यांनी नीट शिकून घेतल्यावर, पाणी घरीच काढता येते, मात्र स्वच्छता कटाक्षाने पाळावी लागते. धाप फारच त्रास देत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेत मॉर्फिन देतात. त्याच्या नावानेच आपल्याकडे लोक बिचकतात, हे उगीचच.

उत्तर ३: ७० वर्षे व त्यापुढील नागरिकांना आयुष्मान कार्डावर, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ठरलेला उपचार त्यात बसतो का, हे भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनीसांना) विचारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नळीविषयी सेवाग्रामच्या रुग्णालयात चौकशी करतो.